कपडे वाळणार कुठे?

वॉशर-ड्रायर घ्यावा का, हे मला लोक जून-जुलैतच विचारतात. मे महिन्यात गॅलरीतल्या दोरीवर टाकलेली चादर दुपारपर्यंत पापडासारखी कडक होते, तेव्हा या यंत्राची आठवण कोणालाच होत नाही. हवामान खात्याच्या सरासरी तारखांप्रमाणे मुंबईत पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला जातो. मधले चार महिने लालबाग-परळच्या घराघरांत पंख्याखाली दोरी, दोरीवर जीन्स आणि जीन्सखाली जेवायला बसलेली माणसं. टॉवेल तीन-तीन दिवस ओले. मुलांचे गणवेश इस्त्री फिरवून फिरवून वाळवायचे. त्यात गणपतीला पाहुणे आले की चादरींची भर. अशा वेळी कोणीतरी दादरच्या दुकानात जातं आणि तिथला मुलगा सांगतो, “वहिनी, एकच मशीन, धुणार पण आणि वाळवणार पण. जागा एकाचीच!”

तो खोटं बोलत नाही. दीडशे-दोनशे चौरस फुटांच्या घरात दोन वेगळी यंत्रं मावणार नाहीत, हे उघड आहे. पण पुढचं तो सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही.

आपल्याकडे आधीच ड्रायर आहे, असं अनेकांना वाटतं. सेमी-ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबला आपण वर्षानुवर्षं ड्रायर म्हणत आलो. तो कपडे गरगर फिरवून पिळतो, एवढंच. वॉशर-ड्रायर मात्र हीटर लावून गरम हवा फिरवतो आणि कपडे खरोखर कोरडे करतो. त्याच्या दारावरच्या स्टिकरवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ८ किलो आणि ५ किलो. पहिला धुण्याचा, दुसरा वाळवण्याचा. वाळताना कपड्यांना ड्रममध्ये मोकळं उलटंपालटं व्हायला जागा लागते, म्हणून दुसरा आकडा नेहमी लहान. ड्रम ठासून भरायचा, धुवायचं आणि त्याच दमात वाळवायचं, हे जमत नाही. धुणं झालं की मधेच दार उघडून थोडे कपडे बाहेर काढावे लागतात. ते ओले कपडे टाकायला पुन्हा दोरी हवीच. घेताना खरा आकडा दुसरा समजावा.

आता पाणी. परदेशी ड्रायरची वाफ अनेकदा नळीने घराबाहेर सोडलेली असते. आपल्याकडे मिळणाऱ्या एकत्रित यंत्रांत बहुतेकदा तशी नळी नसते. कपड्यांतून निघालेली दमट हवा आतल्या आत गार पाण्याने थंड करतात, वाफेचं पाणी होतं आणि सांडपाण्याच्या पाइपातून निघून जातं. म्हणजे वाळवायलाही नळ चालू असावा लागतो, आणि काही बादल्या पाणी त्यात जातं. गिरगावात किंवा लालबागच्या जुन्या चाळीत पाणी दिवसातून ठरावीक वेळच येतं. तेवढ्या वेळात पिंप भरायचं, माळ्यावरची टाकी भरायची, मोरी आवरायची. पाच-सहा तास चालणाऱ्या यंत्राला नळाचं पाणी पुरणं शक्यच नाही. टाकीचंच लागणार, आणि इथे घोळ होतो.

एक मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण ०.१ बार. मोरीवरच्या माळ्यातली टाकी मशीनच्या नळापासून फार तर दीड मीटर वर असते, म्हणजे दाब ०.१५ बार. बऱ्याच फ्रंट लोड मशीनना किमान ०.३ बार लागतो, काहींना त्याहून पुष्कळ जास्त. गिरगावातल्या एका स्नेह्यांकडे नवं कोरं मशीन आलं, बसवणारा मुलगा आला, बटण दाबलं आणि मशीन पाणी येत नसल्याची तक्रार पडद्यावर दाखवत बसलं. शेवटी छोटा प्रेशर पंप लावावा लागला. गच्चीवर टाकी असलेल्या इमारतींतही सगळ्यात वरच्या मजल्याला दाब सगळ्यात कमी मिळतो. म्हणून दुकानात जाण्याआधी प्लंबरला बोलवा. तो दाबाचा जो आकडा सांगेल तो मशीनच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून पाहा. हे काम पाच मिनिटांचं आहे.

विजेचं गणित त्या मानाने सोपं. हीटर साधारण दीड ते दोन किलोवॉटचा, म्हणजे सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉवर पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवं. जुन्या चाळींतल्या वायरिंगवर गीझर आणि हे मशीन एकाच वेळी चालवायचा विचारही करू नये. पाच किलो कपडे धुऊन पूर्ण वाळवायला चार-पाच युनिट धरा. एक दिवसाआड लावलं तर महिन्याला साठ-सत्तर युनिट. बेस्टच्या बिलात ही भर नुसती युनिटांची नसते, ती बिलाला वरच्या दराच्या टप्प्यात ढकलू शकते. हीट पंपवर वाळवणारी यंत्रं बरीच कमी वीज घेतात, पण त्यांची किंमत ऐकून माणूस बिल भरायला तयार होतो. पिळण्याचा वेग मात्र मिनिटाला १२०० ते १४०० फेऱ्यांचा पाहून घ्या. कपडे जितके घट्ट पिळले जातील तितकं हीटरचं काम कमी, आणि पिळायला वीज नगण्य लागते.

मापाचं म्हणाल तर रुंदी साठ सेंटीमीटर, उंची पंच्याऐंशी. ओट्याखाली बसवायचं असेल तर कडाप्प्याच्या खालून जमिनीपर्यंत मोजा, वरून नको. मागे पाइपांसाठी चार बोटं सोडा, पुढे दार पूर्ण उघडायला हवं. वजन सत्तर किलोच्या आसपास. गिरगावातल्या अनेक चाळींचे मजले अजून सागवानी तुळयांवर आहेत. तिथे खोलीच्या मध्यावर, फळ्यांवर हे मशीन ठेवून रात्री अकराला पिळायला लावलं, तर खालचे आजोबा काठी घेऊन वर येतील आणि त्यांचं चुकणार नाही. भिंतीलगत, लाद्यांच्या पक्क्या जागेवर ठेवा, आणि इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी असेल, तुळईला वाळवी असेल, तर हा नाद सोडा.

ज्यांच्याकडे आलंच आहे, त्यांना माझा सल्ला असा की सगळं त्यात वाळवू नका. टॉवेल, आतले कपडे, मोजे, गणवेश, उशांचे अभ्रे हे ड्रायरचं धन. शर्ट पिळून बाहेर काढा, झटका आणि हँगरला लावा, एरवी चुण्या जात नाहीत. रेशमी साडी, सोवळ्याचा कद, ताणणारे कपडे यांना गरम हवा दाखवूही नका. कपडे बाहेर आले की गरम असतात, म्हणून जरा ओलसर वाटतात. दहा मिनिटं पसरून ठेवा आणि घडी घाला. आतच राहू दिले तर चुरगळतात. बऱ्याच एकत्रित यंत्रांत धाग्यांच्या कचऱ्याला वेगळी जाळी नसते. तो खालच्या पंपाच्या फिल्टरमध्ये आणि दाराच्या रबरात साचतो. फिल्टर नियमित काढून धुवा, रबर पुसा, दार किलकिलं ठेवा. हे केलं नाही, तर पावसाळ्याचा जो कुबट वास घालवायला पन्नास हजार मोजले तोच मशीनमधून यायला लागतो.

माझं मत विचाराल तर ज्यांच्या घराला वाऱ्याची गॅलरी आहे त्यांनी हे यंत्र घेऊ नये. चांगल्या वेगाने पिळणारं साधं फ्रंट लोड आणि छताला कप्पीची दोरी, एवढं वर्षातले आठ महिने पुरतं. उरलेले चार महिने पंखा आणि थोडी चिकाटी. ज्यांच्या घरात बाळ आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, किंवा दोघंही सकाळी आठची लोकल पकडतात, त्यांनी मात्र बिनदिक्कत घ्यावं.

आणि ज्यांना गॅलरीच नाही, त्यांचं काय? नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. २०७ इमारती, मधून बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या. इथे गॅलरी नव्हती, पण खिडकीबाहेर दांड्या ठोकून लोकांनी तीन पिढ्या कपडे वाळवले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासातल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर तिप्पट झालं, याचा आनंद आहेच. पण मध्य मुंबईतल्या अनेक टॉवरांत खिडकीबाहेर कपडे दिसले की सोसायटीची नोटीस येते, आणि आत सरकत्या काचांमधून वारा जेमतेम येतो. दोरीचं काम मग विजेवर टाकावं लागतं आणि त्याचे पैसे दर महिन्याला रहिवासीच भरतात.

दादर, परळ, गिरगावात आज जागोजागी पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. चर्चा कार्पेट एरियाची, कॉर्पसची, भाड्याची आणि पार्किंगची होते. तुमच्या इमारतीचा नकाशा टेबलावर आला की संमतीपत्रावर सही करण्याआधी आर्किटेक्टला विचारा, कपडे वाळणार कुठे? चार फुटांची ड्राय बाल्कनी, तिथे नळ, सांडपाण्याचा पाइप आणि सोळा अँपिअरचा पॉइंट लेखी मागून घ्या. आणि या बैठकीला घरात धुणं वाळत घालणाऱ्या माणसालाच पाठवा.