फोनवरचं ओझं कोण मोजणार? नवी मुंबईच्या दुकानांत राबणाऱ्या आपल्या पोरांचा प्रश्न

पाटण, जावळी, खटाव, माण या तालुक्यांतून नवी मुंबईला गेलेल्या आधीच्या पिढीनं तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर गोण्या वाहिल्या. आताची पोरं-पोरी वाशी आणि सीवूड्सच्या मॉलमध्ये, इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये, नाहीतर ऐरोली, घणसोली, महापेच्या कॉल सेंटरमध्ये कामाला आहेत. गावाकडं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "एसीत काम आहे, त्रास नाही." ऊन लागत नाही हे खरं. पण दिवसभर उभं राहायचं, समोरचं गिऱ्हाईक सांभाळायचं आणि वरून फोनवरच्या गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं, हे काम हलकं नाही.

हा विषय आता काढायला कारण आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळानं दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करायला मंजुरी दिली. दुकानातल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १० तास, आणि कायद्याची पूर्ण चौकट लागू व्हायला १० ऐवजी २० कामगार, असा तो बदल आहे. तास वाढवायची चर्चा झाली. त्या तासांत कामगाराला काय काय ऐकावं लागतं, यावर मात्र कुणी बोललं नाही.

फोनवर मागणी काय असते?

फोनवरच्या मागण्या साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली, लगेच होण्यासारखी. अमुक माल आहे का, दुकान किती वाजेपर्यंत उघडं, साईज बदलून मिळेल का. याचा त्रास नसतो. दुसरी, वरच्याला विचारून होणारी. "माझ्यासाठी दोन नग बाजूला काढून ठेव", "कालची ऑफर आज दे", "बिल हरवलंय पण माल परत घे." इथं पोरगं मॅनेजरला शोधत फिरतं आणि फोनवरचा माणूस तोवर चिडतो. तिसरी मागणी होणारीच नसते. फ्रिज आजच्या आज पोचव, आत्ताच्या आत्ता माणूस पाठव, संपलेला माल कुठूनही पैदा कर.

खरी अडचण तिसऱ्या प्रकारात आहे. फ्रिज शोरूममध्ये नसतो, गोदामात असतो. गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची असते. बसवायला येणारा माणूस कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा असतो. या तिन्हींपैकी कुणीही सेल्समनच्या हाताखाली नाही. पण बिलावर पेनानं नंबर लिहिलेला असतो तो सेल्समनचा, तोही त्याचा स्वतःचा, स्वतःच्या पैशानं रिचार्ज केलेला. म्हणून शिव्या त्यालाच. रात्री जेवायला बसला तरी फोन वाजतो आणि सुट्टीच्या दिवशीही वाजतो. उचलला नाही तर उद्या दुकानात तक्रार जाणार ही भीती.

मालक नक्की कोण?

बऱ्याच जणांना माहीत नसतं की शोरूममध्ये टीव्ही, मोबाईल दाखवणारी सगळी पोरं त्या दुकानाची नसतात. कंपनीचा टी-शर्ट घातलेल्या पोराला प्रमोटर म्हणतात. तो उभा असतो दुकानात, विकतो कंपनीचा माल, आणि पगार देते तिसरीच एजन्सी. गिऱ्हाइकाशी भांडण झालं की दुकान म्हणतं, हा आमचा माणूस नाही. कंपनी म्हणते, एजन्सीला विचारा. एजन्सीचा सुपरवायझर महिन्यातून एकदा दिसतो आणि तो टार्गेट विचारायला आलेला असतो. मधल्या मध्ये पोरगं उघड्यावर पडतं.

कॉल सेंटरमध्ये वेगळी तऱ्हा. तिथं कॉल रेकॉर्ड होतो, किती मिनिटांत संपवला ते मोजलं जातं आणि शेवटी गिऱ्हाईक रेटिंग देतं. म्हणजे कॉल लवकर संपवायचा आणि समोरच्याला खूषही करायचं. "पैसे परत मिळणार नाहीत" हा नियम कंपनीनं केलेला असतो, पण तो सांगणाऱ्या पोरीला रेटिंग कमी मिळतं. निर्णय एकाचा आणि मार्क दुसऱ्याचे कापले जातात, ही पद्धतच चुकीची आहे.

गोणीचं वजन ठरलं, बोलण्याचं नाही

हमाली करणाऱ्यांचीही एकेकाळी हीच गत होती. मालक कोण ते ठरत नव्हतं, कामाचे तास नव्हते, मजुरीचा हिशेब नव्हता. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. मालक बदलले तरी कामगाराची नोंद एका बोर्डाकडं राहिली आणि मजुरी त्या बोर्डामार्फत मिळू लागली. आज वाशीच्या बाजारात ५० किलोपेक्षा जड गोणी उचलणार नाही असं माथाडी ठणकावून सांगतो. कांदा पाठवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

पाठीवरच्या ओझ्याला माप लागलं, कारण ते काट्यावर मोजता येतं आणि कामगार एकत्र होते. कानावरच्या ओझ्याला काटा नाही आणि दुकानातली पोरं विखुरलेली आहेत. आज या दुकानात, सहा महिन्यांनी दुसऱ्या. संघटना करायला एका जागी टिकायला तर पाहिजे.

कायद्यात काय आहे, काय नाही

दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. सलग काही तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर, या गोष्टी त्यात आहेत. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या मोबाईलवर उचललेले फोन मात्र कुणाच्याच हजेरीपत्रकात चढत नाहीत. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक मांडलं. आधीही त्यांनी असं विधेयक मांडलं होतं. पण १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळं त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

मुलींच्या बाबतीत कायदा जास्त स्पष्ट आहे. फोनवर अश्लील बोलणं, नको सांगितल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही इथं लागू होतो. त्रास देणारा बाहेरचा माणूस असला, तरी मुलीची इच्छा असेल तर तिला पोलिसांत तक्रार करायला मदत करणं ही मालकाची जबाबदारी आहे. "गिऱ्हाईक आहे, सोडून दे" असं सांगणारा मॅनेजर ती जबाबदारी टाळतोय, हे मुलींना माहीत पाहिजे.

दुसरीकडं यावर उपाय सुरू झालेत. दक्षिण कोरियात ऑक्टोबर २०१८ पासून गिऱ्हाइकाच्या शिवीगाळीपासून कामगाराला वाचवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. तिथं फोन लावल्यावर, कामगाराशी नीट बोला, अशी सूचना आधी ऐकू येते. जपानमध्ये टोकियोनं १ एप्रिल २०२५ पासून गिऱ्हाइकाकडून होणाऱ्या छळाविरुद्ध नियम लागू केला. त्यात दंड नाही, पण गिऱ्हाईक म्हणून वाट्टेल तसं वागता येणार नाही हे सरकारनं लिहून दिलं. आपल्या देशात केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या कामगाराला बसायचा हक्क दिला. महाराष्ट्रानं तास वाढवताना निदान एवढं तरी जोडायला हरकत नव्हती.

आता आपल्याकडं बघू

हे सगळं वाचून शहरातल्या गिऱ्हाइकाला नावं ठेवणं सोपं आहे. पण खरिपात आपल्याकडं कृषी सेवा केंद्रात दिवसाला किती फोन जातात? "युरिया आला का? दहा पोती माझ्या नावावर ठेव." काउंटरवरच्या पोराच्या हातात रेल्वेचा रेक नसतो. युरियाबरोबर दुसरं खत घ्यायची सक्ती झाली तर ती करणारा तो नसतो. तक्रार जरूर करावी, पण ती तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. पोराला आईबहिणीवरून बोलून पोतं लवकर येत नाही.

गिऱ्हाईक म्हणून आपला हक्क सोडायचा असाही याचा अर्थ नाही. माल खराब निघाला, पैसे अडकले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. फोन करताना बिल नंबर आणि तारीख हाताशी ठेवा, एकच मागणी स्पष्ट सांगा, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. आरडाओरडा करण्यापेक्षा तो क्रमांक जास्त उपयोगी पडतो. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर मिळेल तो लावू नका, बिलावरचा किंवा कंपनीच्या अॅपमधला घ्या. खोट्या नंबरावर पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवा.

पोरगं कामाला लागताना हे विचारा

नेमणूक पत्र मिळालं का, आणि त्यावर नाव दुकानाचं आहे, कंपनीचं की एजन्सीचं? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. पगाराची पावती मिळते का? पीएफचा यूएएन नंबर आला का? पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं कार्ड मिळालं का? गिऱ्हाइकांसाठी दुकानाचा फोन आहे, की स्वतःचा नंबर द्यावा लागतो? कुणी शिवीगाळ केली तर फोन ठेवायची मुभा आहे का, आणि कॉल वरिष्ठाकडं द्यायचा तर कुणाकडं?

शेवटचे दोन प्रश्न पगाराइतकेच महत्त्वाचे आहेत. स्वतःचा नंबर न देता काम करता येणं आणि शिवी ऐकल्यावर फोन ठेवता येणं, एवढं जरी मिळालं तरी या कामाचं निम्मं ओझं उतरेल. त्यासाठी नवा कायदा यायची वाट बघावी लागत नाही, मालकानं उद्या सकाळी ठरवलं तरी होतं. आणि दिवाळीला पोरगं गावी आलं आणि जेवताना फोन वाजला म्हणून दचकलं, तर "एसीतलं काम" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. फोन कुणाचा आहे, ते एकदा विचारा.