एक मूठ, अनेक नळ्या आणि एकच गोळी

दिवाळीच्या आठ दिवस आधी माळ्यावरचा सोऱ्या खाली उतरतो. सोऱ्या एकच, पण एक चकती घातली की चकली पडते, दुसरी घातली की बारीक शेव आणि तिसरी घातली की जाडी. ज्या घरात हे एक पितळी यंत्र आहे, त्या घराला तीन यंत्रे लागत नाहीत. अमेरिकेतल्या वॉरेन सेंटर नावाच्या कारागिराने नेमकी हीच युक्ती पिस्तुलाला लावली. मूठ आणि सांगाडा एकच, नळी मात्र हवी तेव्हा बदलायची. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या रोचेस्टर गावच्या थॉम्पसन यांच्या कारखान्यातून १९६७ मध्ये हे पिस्तूल बाजारात आले. नाव ‘काँटेंडर’. एका वेळी एकच काडतूस भरायचे, एकच बार काढायचा, मग नळी मोडून रिकामे काडतूस काढायचे आणि दुसरे घालायचे.

ज्या काळात सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर कुणाही अमेरिकन माणसाला सहज मिळत होते, त्या काळात एकच गोळी झाडणारे पिस्तूल कोण घेणार, अशी शंका कुणालाही यावी. पण लोकांनी ते घेतले आणि हौसेने घेतले. का घेतले, हे समजून घेण्यासारखे आहे. आणि त्याची दुसरी बाजूही.

रचना अगदी साधी. नळी सांगाड्याला बिजागरीसारख्या एका खिळीवर बसवलेली असते. पुढचा लाकडी भाग काढला, खीळ ढकलली की नळी हातात येते. दुसरी नळी बसवायला काही मिनिटे पुरतात. सकाळी पॉइंट बावीसच्या स्वस्त काडतुसांवर सराव करावा आणि दुपारी तेच पिस्तूल हरणाच्या शिकारीच्या ताकदीचे करावे, असा हा प्रकार. कारखान्यानेच दोन डझनांहून अधिक प्रकारच्या काडतुसांसाठी नळ्या काढल्या. हौशी कारागिरांनी त्यात आणखी भर घातली ती वेगळीच.

यातला पहिला लाभ अचूकतेचा. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते चक्र आणि नळी यांच्यात फट असते. इथे ती नाही. शिवाय नेम धरायची माशी किंवा दुर्बीण नळीवरच बसवलेली असते. त्यामुळे नळी काढून महिन्याने परत लावली, तरी नेम फारसा हलत नाही. दहा-चौदा इंच लांबीच्या नळ्यांमुळे गोळीला वेगही चांगला मिळतो. धातूच्या छायाकृतींवर नेमबाजी करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. तिच्या मोठ्या सामन्यांत कोंबडी पन्नास मीटरवर, रानडुक्कर शंभरवर, टर्की दीडशेवर आणि मेंढा दोनशे मीटरवर, असे लोखंडी पुतळे पाडायचे असतात. हातातल्या पिस्तुलाने दोनशे मीटरवरचा मेंढा पाडणे ही चेष्टा नव्हे. या खेळात काँटेंडरने आपली जागा पक्की केली.

दुसरा लाभ कायद्याचा. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्याने सांगाडा म्हणजेच बंदूक. क्रमांक त्यावर आणि नोंदही त्याचीच. नळी हा केंद्रीय कायद्याच्या लेखी नुसता सुटा भाग. म्हणजे शस्त्र एकदाच घ्यायचे आणि नळ्या टपालाने मागवायच्या.

तिसरा लाभ मोजता येत नाही, पण जुने शिकारी त्याचेच गुणगान करतात. हाताशी एकच गोळी आहे हे माहीत असले की माणूस घाई करत नाही. जनावराच्या जवळ जातो, श्वास आवरतो, खात्री नसेल तर चापावरचे बोट काढून घेतो. दहा गोळ्यांची चैन असलेला माणूस पहिली गोळी जितक्या बेफिकिरीने झाडतो, तितक्या बेफिकिरीने हा झाडू शकत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे.

आता दुसरी बाजू. पहिली गोष्ट पैशाची. एकाच सांगाड्यावर सारे भागते म्हणून स्वस्त, हा हिशेब पहिल्या नळीपुरता खरा असतो. प्रत्येक नळीला आपली दुर्बीण हवी, प्रत्येक काडतुसाचा साठा वेगळा. सोऱ्याच्या चकत्या वाढल्या तर फार तर डबा भरतो. इथे खिसा रिकामा होतो. दुसरी गोष्ट धक्क्याची. रायफलीचे काडतूस मुठीतून झाडले की तो धक्का मनगटाला सोसावा लागतो. तिसरी गोष्ट धोक्याची. चार नळ्या आणि चार प्रकारची काडतुसे एका टेबलावर पसरली की चुकीची जोडी जमण्याचा संभव वाढतो. थोरले भावंड ‘एन्कोर’ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आले. त्याचा सांगाडा अधिक मजबूत, पण दोघांच्या नळ्या एकमेकांना चालत नाहीत.

कायद्याची सोयही वाटते तितकी सरळ नाही. खांद्याला लावायचा दस्ता आणि लांब नळी जोडली की याच पिस्तुलाची रायफल होते. पण दस्त्याबरोबर दहा इंची नळी लावली, तर ती होते ‘आखूड रायफल’. आणि १९३४च्या कायद्यानुसार तिची नोंदणी लागते. पिस्तूल, एकवीस इंची नळी आणि दस्ता असा संच विकला, तर तो आखूड रायफल बनवल्यासारखा धरायचा का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, तोही पाच विरुद्ध चार असा. न्यायमूर्तींचेच एकमत होत नाही, तिथे सामान्य गिऱ्हाइकाने कोणती नळी कोणत्या दस्त्याला लावायची, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

शिवाय एकाच कारखान्याच्या नळ्यांवर सारी मदार. २००७ मध्ये ही कंपनी स्मिथ अँड वेसनने घेतली, पुढे उत्पादन रोचेस्टरहून मॅसॅच्युसेट्सला नेले आणि २०२१ मध्ये हा उद्योग विकायला काढला. २०२४ मध्ये कंपनीच्याच एका माजी प्रमुखाने तो विकत घेतला. मधल्या काळात ज्यांना नवी नळी हवी होती, त्यांनी जुन्या बाजाराची वाट धरली.

पण सगळ्यांत मोठा प्रश्न या हिशेबांच्या पलीकडचा आहे. स्वसंरक्षणाला हे पिस्तूल कामाचे नाही, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. त्यावरून कुणी असा अर्थ काढील, की एकाच गोळीचे आणि जंगलातल्या कामाचे शस्त्र घरात असले म्हणून काय बिघडते? बिघडते ते असे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात आणि बंदुकीने केलेल्या अशा प्रयत्नांत दहातले जवळपास नऊ जीव वाचत नाहीत. त्या क्षणी दुसरी गोळी लागत नाही. खेळता खेळता कपाट उघडणाऱ्या मुलालाही लागत नाही. जंगलात जी एक गोळी संयम शिकवते, तीच घरात सर्वनाशाला पुरेशी असते.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ म्हणताना त्याचे भागही धरलेले आहेत, तेव्हा टपालाने नळी मागवण्याची सोय नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीची हौसही उरलेली नाही. एकच बार काढणारे हातातले शस्त्र म्हटले, की आपल्याला आठवतो तो पोलिसांनी पकडलेला गावठी कट्टा. पण आज कितीतरी मराठी घरांतली मुले आणि नातवंडे अमेरिकेत आहेत. नातू शेजारच्या मित्राकडे खेळायला जातो, तेव्हा त्या घरी बंदूक आहे का आणि ती कुलपात आहे का, हे विचारणे तिथे उद्धटपणाचे मानू नये. विचारताना संकोच वाटेल. पण न विचारण्याची किंमत त्याहून मोठी असू शकते.

आणि ज्याने हे पिस्तूल घेतलेच आहे, त्याच्यासाठी उत्तर त्याच्या रचनेतच आहे. नळी निघते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. मग घरी आल्यावर ती काढावी. नळी एका कुलपात, सांगाडा दुसऱ्या कुलपात, काडतुसे तिसरीकडे. नळीवाचून सांगाडा म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. तो पुन्हा जोडायला जी दहा मिनिटे लागतात, त्या दहा मिनिटांत मनातले वादळ ओसरू शकते, कुणी दार ठोठावू शकते, आई हाक मारू शकते. दिवाळी झाली की सोऱ्याच्या चकत्या आपण पुसून वेगळ्या ठेवतो, त्या हरवू नयेत म्हणून. इथे वेगळे ठेवायचे ते घरातले माणूस हरवू नये म्हणून.