मेपलला हिवाळा हवाच

जपानी मेपलचे बोन्साय भेट म्हणून घरी आले की पुष्कळदा त्याची स्थापना दिवाणखान्यातील टेबलावर होते. हेतू कौतुकाचाच असतो. झाडाच्या वाट्याला मात्र कैद येते. मेपल हा उघड्यावर वाढणारा, पानगळीचा वृक्ष. उथळ कुंडीत त्याची उंची आटोक्यात राहते; स्वभाव बदलत नाही.

हा स्वभाव जपानमधील माळ्यांनी नीट ओळखला आहे. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतील अनेक बोन्सायकार स्वच्छ हवा, पाणी आणि मोकळ्या जागेच्या शोधात ओमिया येथे गेले आणि १९२५ मध्ये तेथे त्यांचे गाव वसले. प्रत्येक रहिवाशाकडे किमान दहा बोन्साय असावीत आणि घर दुमजली नसावे, असे त्या गावाचे नियम होते. झाडांसाठी माणसांनी आपली घरे बुटकी ठेवली, हे विशेषच!

मेपलचे वर्ष हिवाळ्याच्या अखेरीस सुरू होते. डोळे फुगू लागले, पण उमलले नाहीत, अशा वेळी कुंडी बदलावी आणि मुळे छाटावीत. कोवळ्या झाडासाठी हे काम दर दोन-तीन वर्षांनी करावे लागते. वसंतात शेंडे खुडले की फांद्या बारीक व दाट होतात. फांदी याच काळात झपाट्याने जाडावते. तेव्हा गुंडाळलेली तार सालीत रुतण्यापूर्वी कापून काढावी. उन्हाळ्यात दुपारची सावली आणि रोजचे पाणी चुकवू नये, अन्यथा पानांच्या कडा करपतात. शरदात दिवसा ऊन व रात्री गारवा लाभला, की हरितद्रव्य ओसरून पाने लाल होतात.

सारे कौतुक येथेच थांबते. पाने गळाली की झाड मेले, असे समजून त्याला उबेत आणले जाते. वास्तविक त्याला काही आठवडे थंडीतली विश्रांती लागते. बोचऱ्या वाऱ्यापासून आणि मुळे गोठण्यापासून त्याला जपावे, माती किंचित ओलसर ठेवावी. पण तापलेल्या खोलीत नेऊ नये. विश्रांतीविना झाड एखाददुसरे वर्ष तग धरते, पुढे खंगत जाते. खरे तर निष्पर्ण मेपलच्या फांद्यांची नाजूक जाळी हीच जाणकारांना अधिक प्रिय असते.

म्हणून सिमला, मसुरी किंवा श्रीनगर येथील रहिवाशाने हे झाड अवश्य जोपासावे. (काश्मीरचा चिनार पानांच्या साम्यामुळे मेपल समजला जातो, तो वेगळ्या कुळातला.) मुंबई, चेन्नई वा कोचीच्या सदनिकेसाठी मात्र ही खरेदी अनुचितच. तेथे वड, उंबर, चिंच यांची बोन्साय आनंदाने नांदतात. डोंगरातील शाखेतून मैदानी शहरात बदली झालेल्या अधिकाऱ्याने सामानाच्या ट्रकमध्ये मेपलची कुंडी चढवू नये. ती शाखेत नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवावी आणि सोबत शेवटची कुंडी केव्हा बदलली, एवढी नोंद द्यावी.