सहल पुलाखालची

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही कॉर्नवॉलला निघालो होतो. दादांना समुद्र दाखवायचा होता. गुरुवारी त्यांचं पुण्याचं विमान. आणि मेडनहेडमध्येच, एम-फोर गाठायच्या आत, क्लचने मान टाकली! इंजिनियर असूनही बॉनेट उघडून बघत राहण्यापलीकडे मला काही जमलं नाही. मुलं रडवेली, मी हॉटेलच्या बुडालेल्या पैशांचा हिशोब करतोय. दादा म्हणाले, "अरे, दशम्या आहेत ना? नदीवर चला."

थेम्सवर ब्रुनेलचा रेल्वेपूल आहे, १८३९ सालचा. विटांच्या दोन चपट्या कमानी, प्रत्येकी १२८ फूट. कोसळतील या भीतीने संचालकांनी सेंटरिंग काढू दिलं नव्हतं. पुढे वादळानेच ते पाडलं, कमानी जागच्या जागी! हे ऐकताच बांधकाम खात्यात जन्म घालवलेले दादा हातातली दशमी ठेवून उठले, विटा चाचपू लागले. मुलांनी कमानीखाली "आजोबाऽऽ" अशी हाक मारली, ती घुमत परत आली. वरून गाडी धडधडत गेली.

"चालतोय की अजून!" दादा म्हणाले.

समुद्र राहिला तो राहिलाच. विमानतळावर दादांनी त्याचं नावही काढलं नाही; पुलाचे फोटो पाठव, म्हणून मात्र दोनदा बजावलं.