मालकाला धडा मिळत नाही, मालक सुटतो

कामावरून काढलेल्या कुणीतरी जाता जाता कंपनीचा सगळा डेटा उडवला, अशी बातमी किंवा रील आली की खालच्या कमेंट ठरलेल्या. "बरं केलं." "एक नंबर भावा." "मालकाला असाच धडा पाहिजे." आपल्याच गावातली शिकलेली, नोकरी करणारी पोरं हे लिहितात. लाइक मारणाऱ्यांत माझ्या ओळखीचे पण बरेच दिसले. म्हणून आज जरा स्पष्ट लिहितोय. राग आला तर येऊ द्या.

तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राचं सांगतो, या उन्हाळ्यातलं. नाव घेत नाही. तिथला ऑपरेटर पोरगा सहा वर्षं कामाला. कुणाचं किती लिटर, फॅट किती, कुणी उचल घेतलीय, पेंडीचे किती कापायचे, सगळं त्याच्या कॉम्प्युटरवर. पाच महिन्यांचा पगार थकला. मागायला गेला तर उत्तर मिळालं, "उद्यापासून येऊ नको." दोन दिवसांनी केंद्रातला सगळा हिशेब गायब. बॅकअपचा पेनड्राइव्ह पण गायब.

मग काय झालं? चेअरमनच्या घरातला एक कप चहा सुद्धा कमी झाला नाही. दहा दिवसांचं बिल अडकलं ते एक-दोन म्हशी असलेल्यांचं. एका ताईंना त्याच पैशातून बचत गटाचा हप्ता भरायचा होता. लोक घरच्या वह्या घेऊन रांगेत उभे राहिले. ज्यांनी वही ठेवली नव्हती त्यांना "अंदाजे" दिलं. अंदाज कुणाच्या बाजूनं धरला जातो हे मी सांगायला नको.

त्याच्या पुढचं जास्त वाईट आहे. तोपर्यंत चावडीवर चर्चा होती, "चेअरमननं पोराचा पगार बुडवला." दुसऱ्या दिवसापासून चर्चा बदलली, "पोरानं डेटा पळवला." फिर्यादी चेअरमन, आरोपी पोरगा. थकलेल्या पगाराचा उल्लेख एकाही कागदावर नाही. शेवटी पोराचे वडील चेअरमनच्या ओट्यावर जाऊन बसले आणि समझोता करून आले. तक्रार पुढे रेटायची नाही, आणि पोरानं पगार मागायचा नाही. पाच महिन्यांची थकबाकी एका रात्रीत फिटली. कमेंटवाल्यांनो, हा तुमचा धडा.

याचा अर्थ मी चेअरमनची बाजू घेतोय असं कुणी समजू नका. आपल्याकडच्या मालक लोकांना माणूस कामावरून गेला की त्याचे पैसे ही स्वतःची मिळकत वाटायला लागते. हिशेब "पुढच्या महिन्यात बघू". अनुभवाचा दाखला मागितला तर चार चकरा. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकायला दोन मिनिटं लागतात, तीही टाकत नाहीत. मी स्वतः एका दैनिकातून बाहेर पडलो तेव्हा तीन महिन्यांचं मानधन राहिलं होतं. अजून राहिलंच आहे. त्यामुळे त्या पोराच्या पोटातली आग मला कुणी समजावून सांगू नये.

पण ती आग कुठं लागते ते बघा. १९ मार्च २०२५ ला हिंजवडीत एका कंपनीचा टेम्पो ट्रॅव्हलर पेटला आणि सकाळी कामावर निघालेली चार माणसं आतच गेली. आधी सगळ्यांना अपघात वाटला. पोलिसांचं म्हणणं असं की ड्रायव्हरनंच कंपनीतलं बेंझीन वापरून गाडी पेटवली. कारण काय, तर पगार, दिवाळीचा बोनस, आणि ड्रायव्हर असून मजुराची कामं करायला लावणं. तो माजी कर्मचारी नव्हता, नोकरीतच होता. दोषी आहे की नाही ते कोर्ट ठरवेल. पण पोलिसांनीच सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचा ज्यांच्यावर राग होता, त्यांच्यापैकी मेलेल्या चौघांत कुणीच नव्हतं. मालक तर त्या गाडीत बसतच नाही. गाडीत बसतो तो तुमच्याआमच्यासारखा डबेवाला नोकरदार.

सिंगापूरची एक केस पण बघा, कारण त्यात आपलाच भारतीय माणूस आहे. एनसीएस नावाच्या कंपनीनं त्याला २०२२ च्या शेवटी काढलं. त्याचं लॉगिन मात्र बंद केलं नाही! (एवढ्या मोठ्या कंपनीची ही तऱ्हा, मग आपल्या पतसंस्थेचा पासवर्ड पाच माजी क्लार्कना पाठ असतो यात नवल काय.) मार्च २०२३ मध्ये त्यानं १८० व्हर्च्युअल सर्व्हर एकामागून एक डिलीट केले. तोपर्यंत त्याला सिंगापुरातच दुसरी नोकरी लागली होती. म्हणजे आयुष्याची गाडी रुळावर आलेली. जून २०२४ मध्ये शिक्षा झाली, २ वर्षं ८ महिने. कंपनीचं नुकसान ९ लाख सिंगापूर डॉलरच्या वर. कंपनी आजही चालू आहे.

आता कुणीतरी म्हणेल, कोलारला काय झालं? तिथं तोडफोड केली तेव्हाच कंपनी वठणीवर आली ना? हा मुद्दा खरा आहे, टाळणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये नरसापूरच्या विस्ट्रॉन कारखान्यात आयफोन बनवणाऱ्या कंत्राटी कामगारांनी पगारासाठी तोडफोड केली. नंतर कंपनीनं काही कामगारांना पगार बरोबर आणि वेळेवर मिळाला नाही हे कबूल करून माफी मागितली. पण का मागितली? ॲपलनं चौकशी करून नवं काम देणं थांबवलं म्हणून. आपल्या एमआयडीसीतल्या शेडवाल्याच्या डोक्यावर कुठली ॲपल बसलीय? आणि कोलारलाही शंभराच्या वर कामगार पोलिसांनी उचलले, ते त्याच पगारवाल्यांतले.

जे हातात आहे ते कुणी वापरत नाही, याची मला जास्त चीड आहे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता सांगते की माणसाला काढा किंवा त्यानं स्वतः सोडू द्या, त्याचा राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा. न मिळाल्यास तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. आणि पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, कामगारावर नाही. हे एकदा परत वाचा. पगाराचा हक्क सोडल्याचा करार कुणी करून घेतला तरी तो कायद्यात टिकत नाही. उलट डेटा उडवलात तर आयटी ॲक्टचं कलम ६६ तुमच्यावर, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यामुळे जाताना डिलीट काही करू नका, गोळा करा. हजेरीचा फोटो, बँकेचं स्टेटमेंट, "उद्या ये, देतो" असले व्हॉट्सॲप मेसेज. पासवर्ड लिहून द्या आणि दिल्याची सही घ्या.

दूधकेंद्रातल्या पोराशी मी परवा बोललो. तो पेनड्राइव्ह परत करायला तयार आहे, पोहोच घेऊन. ओट्यावरचा तो तोंडी समझोता बाजूला ठेवून पाच महिन्यांच्या पगाराचा अर्ज करायलाही तयार झालाय. वडील नको म्हणतायत, घाबरलेत. सोमवारी सकाळी साडेनऊला एसटी स्टँडवरून जिल्ह्याला सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसला निघतोय. "एक नंबर भावा" लिहिणाऱ्यांपैकी कोण कोण येतंय ते खाली लिहा, म्हणजे एक गाडी करायची की दोन ते ठरवता येईल.