पक्षाघात आणि पाण्याचा पहिला घोट

पक्षाघाताच्या उपचारांविषयी गेल्या काही वर्षांत बरीच जागृती झाली आहे. चेहरा वाकडा झाला, हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत मिळावे, हे आता अनेकांना ठाऊक असते. परंतु रुग्ण खाटेवर पोहोचल्यानंतरची एक साधी कृती तितकीच निर्णायक ठरू शकते. घसा कोरडा पडला असेल म्हणून कोणीतरी आपुलकीने त्याच्या तोंडाला पाण्याचा पेला लावतो. गिळण्याची क्षमता तपासण्यापूर्वी दिलेला तो घोट फुप्फुसात उतरू शकतो.

गिळण्याची क्रिया दिसते तितकी सोपी नाही. घशात अन्ननलिका आणि श्वासनलिका यांचे मार्ग एकमेकांलगत असतात. घोट उतरताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासमार्ग बंद होतो. मेंदूला इजा झाल्यावर हा मेळ बिघडतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, साध्या प्राथमिक चाचणीत पक्षाघाताच्या ३७ ते ४५ टक्के रुग्णांमध्ये हा दोष आढळतो. उपकरणांच्या साह्याने तपासल्यास हे प्रमाण ६४ ते ७८ टक्क्यांपर्यंत जाते. अशा रुग्णांना न्यूमोनिया होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे तिप्पट असतो. अधिक चिंतेची बाब म्हणजे घशाची संवेदना मंदावल्याने अनेकांना ठसकाही लागत नाही. ‘खोकला नाही, म्हणजे गिळता येते’ हा घरोघरीचा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

यावरचा पहिला उपाय खर्चिक नाही. रुग्ण पुरेसा जागा आहे का, ताठ बसू शकतो का, हे आधी पाहायचे. मग चमचाभर पाणी देऊन खोकला येतो का, आवाज ओलसर, घरघरता होतो का, याचे निरीक्षण करायचे. ते जमले तर सुमारे ९० मिलिलिटर पाणी सलग पिण्यास सांगायचे. कोठेही अडचण दिसली, तर तोंडावाटे काहीही द्यायचे नाही, गोळ्याही नाहीत. पुढील तपासणी वाचा-उपचारतज्ज्ञ करतात. गरजेनुसार क्ष-किरणांखाली गिळण्याचे चलतचित्रण केले जाते किंवा नाकातून लवचिक दुर्बीण घालून घसा पाहिला जातो.

प्रशिक्षित परिचारिका ही पहिली चाचणी करू शकतात. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातील १९ पक्षाघात कक्षांमध्ये ताप, रक्तशर्करा आणि गिळणे या तीन बाबींवर परिचारिकांच्या नेतृत्वाखाली काटेकोर लक्ष ठेवण्याचा प्रयोग झाला. २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९० दिवसांनंतर मृत्यू वा परावलंबित्व ओढवलेल्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ५८ टक्के होते. या पद्धतीत ते ४२ टक्के आढळले. यात कोणतेही नवे औषध वा महागडे यंत्र नव्हते.

दोष आढळल्यानंतरचे व्यवस्थापन मात्र रुग्णागणिक बदलते. पदार्थ किती पातळ वा घट्ट असावा, यासाठी ० ते ७ अशी आठ पातळ्यांची आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. गोव्यात हा मुद्दा थेट ताटापर्यंत येतो. आजाऱ्याला पेज द्यावी, ही येथील पूर्वापार रीत. पण पातळ निवळ आणि शिते एकाच घोटात येत असल्याने गिळण्याचा दोष असलेल्यांना तीच अवघड जाते. पेज एकजीव घोटून, सांगितलेल्या घट्टपणाची करून देणे अनेकदा अधिक सुरक्षित ठरते. पाणी घट्ट करून देण्यालाही मर्यादा आहेत. ते नकोसे वाटल्याने रुग्ण कमी पितो आणि शरीरातील पाणी घटते. तोंडाची स्वच्छता ही तर बिनखर्चाची ढाल आहे, कारण लाळेसोबत फुप्फुसात जाणारे जंतू तोंडातच वाढतात. गिळता येत नसल्यास सुरुवातीच्या आठवड्यांत पोटात थेट नळी बसवण्यापेक्षा नाकातील नळी बरी, असे २००५ सालच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने सुचवले. परंतु ती नळी कायमची सोय ठरू नये. गिळण्याची फेरतपासणी ठरावीक काळाने व्हायलाच हवी.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात साठीपुढील नागरिकांचे प्रमाण ११.२ टक्के होते, तर देशाची सरासरी ८.६ टक्के होती. वृद्धांचे प्रमाण अधिक असलेल्या राज्यात पक्षाघात, कंपवात आणि स्मृतिभ्रंश यांसोबत येणारा हा दोष किरकोळ मानता येणार नाही. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय असो, जिल्हा इस्पितळे असोत वा खासगी रुग्णालये, पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदपत्रांत गिळण्याच्या चाचणीची नोंद सक्तीची करणे, परिचारिकांना तिचे प्रशिक्षण देणे आणि काणकोण-सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यांतील घरी परतलेल्या रुग्णांपर्यंत वाचा-उपचारतज्ज्ञ पोहोचवणे, ही तीन पावले राज्याच्या आवाक्यातील आहेत. तोपर्यंत नातेवाइकांनी पेला पुढे करण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ‘यांचे गिळणे तपासले आहे का?’