संगणकाच्या दुसऱ्या वर्गाचे प्रवासी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकी कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित सुरक्षा-पुरवठा थांबविला आणि त्या एका फतव्यासरशी देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या घराघरांतील चालते संगणक म्हातारे ठरले. यंत्रे बिघडली नव्हती. फिरली होती ती कंपनीची मर्जी. २०२१ साली बाजारात आलेल्या विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७ पूर्वी घेतलेला जवळजवळ प्रत्येक संगणक, मग तो कितीही उत्तम चालत असो, कंपनीच्या लेखी भंगार झाला.

हा संगणक सिंधुदुर्गात कोणाच्या घरी आहे? मुंबईच्या चाकरमान्याने स्वतःसाठी नवा घेतल्यावर गणपतीला येताना जुना गावी आणून ठेवला, त्या घरी आहे. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करावयाचा, सातबारा संकेतस्थळावर पाहावयाचा, तारकर्ली-देवबागच्या खोल्यांचे आरक्षण इंटरनेटवरून घ्यावयाचे. शासनाने आपली खिडकी कचेरीतून उचलून नागरिकाच्या घरातील पडद्यावर नेली. पण तो पडदा विकत घेण्याचा भार मात्र नागरिकाच्याच माथी मारला. जी वस्तू नसेल तर मुलाचा शाळाप्रवेश अडतो, ती चैनीची वस्तू कशी म्हणावी?

तरीही करव्यवस्था तिला तशीच वागविते. संगणकावर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे, सोन्यावर ३ टक्के. ३५,००० रुपये मूळ किमतीच्या संगणकावर मालवणचा मच्छीमार ६,३०० रुपये कर भरतो. तेवढ्याच किमतीच्या सोन्यावर सावकाराला १,०५० रुपये पडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये या कराची मोठ्या गाजावाजाने फेररचना झाली, तेव्हाही संगणक होता तेथेच राहिला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांसाठी जगभरची मेमरी उचलली जाऊ लागली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मायक्रॉन या कंपनीने ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय गुंडाळण्याचे जाहीर केले. घरगुती ग्राहक हा या बाजारात दुसऱ्या वर्गाचा प्रवासी आहे, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगावे?

ज्या किनाऱ्याने १९७१ पासून १९९१ पर्यंत मधु दंडवते यांना सलग लोकसभेत पाठविले, त्या किनाऱ्याला दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या घातल्या. उद्देश पहिल्या वर्गाचे सुख काढून घेण्याचा नव्हता. दुसऱ्या वर्गाचा प्रवास माणसाला शोभेल असा करण्याचा होता. त्याच मंत्रिमंडळात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. आयबीएम ही कंपनी अन्यत्र कालबाह्य ठरलेली १४०१ जातीची यंत्रे डागडुजी करून भारतात भाड्याने देत असे. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भांडवलातील हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास तिने नकार दिला आणि १९७८ साली ती देश सोडून गेली. देश अंधारात गेला काय? नाही. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक कंपनीच्या भारतीय तंत्रज्ञांनी ती यंत्रे चालती ठेवली. पुढे याच कंपनीने रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरण केले. तेव्हा जुने यंत्र भाड्याने गळ्यात मारले जात होते. आज चालते यंत्र जुने म्हणून हातातून काढून घेतले जात आहे. पद्धत बदलली, मक्तेदारी तीच आहे.

‘सुरक्षेसाठी हे आवश्यकच आहे’ असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धसत्य आहे. सुरक्षा-पुरवठा नसलेल्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे, हे खरे. पण पुरवठा करणे अशक्य नव्हते. कंपनीनेच तो १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून देऊ केला. त्यासाठी ३० डॉलर मोजा, नाहीतर संगणकातील मांडणी आमच्या खात्याशी जोडा किंवा आमचे बक्षीस-गुण खर्च करा, अशा अटी घातल्या. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठविताच तेथे या अटी सैल झाल्या. म्हणजे प्रश्न तंत्रज्ञानाचा नसून संघटित ग्राहकाच्या बळाचा आहे.

असे बळ उभे राहीपर्यंत प्रत्येक घराने दुकानदाराच्या नव्हे, स्वतःच्या गरजेच्या हिशेबाने चालावे. जुन्या संगणकातील फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली आणि मेमरी ८ जीबी केली, तर मंदावलेले यंत्र बहुधा पुन्हा कामाला लागते. त्यावर उबुंटू किंवा मिंट यांसारखी लिनक्स प्रणाली विनामूल्य बसते. लिब्रेऑफिस विनामूल्य मिळते. इनस्क्रिप्ट कळफलकाने मराठी लिहिता येते. अर्ज भरणे, पत्र लिहिणे, शिकवणी पाहणे एवढ्याने भागते. ज्याचा धंदा टॅलीवर किंवा श्रीलिपीवर उभा आहे, त्याला मात्र विंडोज लागेलच. त्याने कार्यालयांतून निघालेला, आठव्या पिढीपुढचा, दुरुस्त केलेला लॅपटॉप पक्क्या पावतीने आणि लेखी हमीने घ्यावा. किनाऱ्यावर लॅपटॉपच बरा. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतरचा अंधार मालवण विसरलेले नाही. खारी हवा धातूला खाते, म्हणून यंत्र झाकून, कोरडे ठेवावे. आणि ‘शून्य व्याजा’च्या हप्त्याला भुलू नये. असे शून्य व्याज अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले आहे.

पण घरोघरीच्या काटकसरीने सार्वजनिक अन्यायाचे निवारण होत नाही. शासकीय कचेऱ्या आणि बँका आपले संगणक निर्लेखित करून लिलावात काढतात. ते भंगारवाल्याच्या तराजूत का जावेत? २०२२ च्या ई-कचरा नियमांनी दुरुस्ती करून पुनर्वापरास देणाऱ्या व्यावसायिकाला मान्यता दिली आहे. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. निर्लेखित यंत्रे तेथे द्यावीत, विद्यार्थ्यांनी विद्यावेतनावर ती दुरुस्त करावीत, आणि वर्षभराच्या हमीसह खर्चाच्या किमतीत गरजू कुटुंबांना विकावीत. तरुणाला हुन्नर मिळेल, घराला संगणक मिळेल. केरळने या शतकाच्या पहिल्या दशकातच आपल्या शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर आणले; महाराष्ट्राने आपल्या मुलांना एका परदेशी कंपनीची सवय तेवढी लावली. तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात: साध्या घरगुती संगणकावरील कर ५ टक्क्यांवर आणा, शाळांत आणि सेतू केंद्रांत मुक्त प्रणाली वापरा, आणि विकलेल्या यंत्राला किमान किती वर्षे सुरक्षा-पुरवठा द्यावा लागेल, हे कायद्याने ठरवा. युरोपीय संघाने मोबाइल फोनसाठी असे बंधन जून २०२५ पासून लागू केले आहे. भारताची बाजारपेठ काही लहान नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे फाटले तर ते कोणी समुद्रात फेकून देत नाही. रापणकर वाळूत बसून ते सांधतात, कारण ते सर्वांच्या पोटाचे साधन असते, आणि ते केव्हा टाकावे हे ठरविण्याचा अधिकार सूत विकणाऱ्या व्यापाऱ्याला कोणी दिलेला नाही. संगणकाच्या बाबतीत तो अधिकार विक्रेत्याने परस्पर घेतला आहे. तो परत मिळविण्यासाठी ग्रामसभांनी ठराव करावेत, ग्राहक पंचायतींनी तक्रारी गोळा कराव्यात आणि कार्यकर्त्यांनी निर्लेखित यंत्रांचा हिशेब ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन मागावा.